आधी पाय, मग मूठ : लहान मुले आणि चीनच्या पारंपरिक युद्धकला

चीनच्या पारंपरिक युद्धकला लहान मुलांना रांगेत उभे करून, वयानुसार गट पाडून आणि ठरावीक अभ्यासक्रम आखून शिकवण्याची रीत जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय या विषयावरील बहुतेक वादांचा उलगडा होत नाही. या कलांना चीनमध्ये आज अधिकृतपणे ‘वूशू’ म्हणतात आणि चित्रपटांमुळे जगभर त्यांचे ‘कुंग फू’ हे नाव रूढ झाले आहे. मुठीचे प्रहार, लाथा, पकडी, प्रतिस्पर्ध्याला पाडण्याच्या युक्त्या आणि नाना शस्त्रांचा सराव असे सारे त्यांत येते. १९८३ ते १९८६ या काळात चीनमध्ये सरकारी पातळीवर जी देशव्यापी पाहणी झाली तिच्यात १२९ शैलींची नोंद करण्यात आली. या शैलींचे उगम निराळे, प्रदेश निराळे आणि शिकवण्याचे क्रमही निराळे असल्यामुळे, ‘परंपरा असे सांगते’ एवढ्या आधारावर मुलांकडून जे करून घेतले जाते ते पुष्कळदा एखाद्या गावाच्या, कुळाच्या किंवा नाटक मंडळीच्या रिवाजातून आलेले असते आणि सर्व चिनी परंपरेच्या नावावर ते खपवता येत नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत या कला मुलांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग थोडेच होते. उत्तर चीनमधील हेनान, हबेइ आणि शानडोंग या प्रांतांतल्या खेड्यांत सुगी संपल्यावर, हिवाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत, गावकरी खळ्यावर किंवा अंगणात जमून सराव करीत, कारण लुटारूंपासून गावाचे रक्षण करण्याचा भार बव्हंशी गावावरच असे. आणि मुले मोठ्यांच्या मागे उभी राहून पाहत पाहत शिकत. काही कला घराण्यातच राहत. आज वृद्धांचा व्यायाम म्हणून ओळखली जाणारी ताइ ची ही मुळात हेनानमधील छनजियागोउ या गावच्या छन कुळाची युद्धकला होती. तिचे मूळ सतराव्या शतकातील छन वांगतिंग या लष्करी पेशाच्या गृहस्थांपर्यंत नेले जाते आणि यांग लूछान (१७९९–१८७२) यांनी ती शिकून बाहेर नेईपर्यंत ती त्या कुळाबाहेर फारशी गेली नव्हती. बाहेरच्या मुलाला शिकायचे असेल तर त्याला गुरूचे, म्हणजे ‘शिफू’चे, रीतसर शिष्यत्व पत्करावे लागे, चहा अर्पण करून आणि नतमस्तक होऊन होणाऱ्या या विधीनंतर तो गुरूच्या घरातलाच मानला जाई. अशा व्यवस्थेत एका गुरूकडे मोजकीच मुले असत आणि प्रत्येकाची चण, चाल व स्वभाव गुरू वर्षानुवर्षे जवळून पाहत असे, त्यामुळे कोणाला काय शिकवायचे, केव्हा शिकवायचे आणि केव्हा थांबायचे हे कोठे लिहून ठेवण्याची गरज नव्हती. हा अलिखित निर्णय हाच पारंपरिक अध्यापनाचा गाभा होय, आणि शंभर मुलांच्या वर्गात सर्वांत आधी हरवतो तो हाच.

मुलांचे युद्धकलेचे शिक्षण म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेनानमधील शाओलिन विहाराचे चित्र येते. सोंगशान पर्वताच्या कुशीतील या बौद्ध विहाराची स्थापना इ. स. ४९५ च्या सुमारास झाली असे मानले जाते. इ. स. ६२१ मध्ये तेथील भिक्षूंनी पुढे थांग घराण्याचा सम्राट झालेल्या ली शिमिन याला लढाईत साहाय्य केले, आणि या साहाय्याची नोंद असलेला ७२८ सालचा शिलालेख आजही विहारात आहे. तथापि शाओलिनच्या लाठीविद्येची आणि मुष्टियुद्धाची सविस्तर लिखित माहिती सोळाव्या-सतराव्या शतकांपासूनच मिळू लागते. भारतीय वाचकाला जवळची वाटणारी एक कथा येथेच येते : दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्म या भिक्षूने शाओलिनच्या भिक्षूंना व्यायाम शिकवला आणि त्यातूनच चिनी युद्धकला जन्मली, असे आपल्याकडे अनेक वर्गांत मुलांना अभिमानाने सांगितले जाते. ही कथा सतराव्या शतकातील एका व्यायामविषयक ग्रंथातून पसरली, आणि थांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिचा फोलपणा दाखवून दिला होता. ध्यानमार्गाचा प्रवर्तक म्हणून बोधिधर्माचे स्थान मोठे आहे आणि ते अबाधित आहे. त्यासाठी त्याच्या पदरी युद्धकला बांधण्याची गरज नाही, आणि मुलांना इतिहास म्हणून सांगायचे ते खरे असावे, एवढी अपेक्षा शिक्षकाकडून रास्तच आहे.

विहाराचा मोठा भाग १९२८ मध्ये शी योउसान या लष्करी सरदाराने जाळला, आणि पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत तेथील उरलीसुरली परंपरा खुंटली. चित्र पालटले ते १९८२ मध्ये ‘शाओलिन टेंपल’ हा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर. त्यातील तरुण नायक जेट ली हा स्वतः आठव्या वर्षापासून बीजिंगमध्ये सरकारी प्रशिक्षण घेऊन तयार झालेला खेळाडू होता आणि १९७४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने अमेरिकेच्या दौऱ्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर प्रात्यक्षिके केली होती. चित्रपटानंतर चीनभरची मुले शाओलिनकडे धावू लागली, काही तर घरातून पळून आली, आणि विहाराशेजारच्या डंगफंग शहरात निवासी युद्धकला-शाळांची रांग लागली. त्यांतील थागोउ ही शाळा १९७८ मध्ये सुरू झाली होती. पुढे तिची विद्यार्थिसंख्या तीस हजारांच्या वर गेली, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात मैदानभर एकाच लयीत ताइ ची करणारे तरुण हे याच शाळेचे विद्यार्थी होते. या शाळांत शालेय अभ्यासही असतो, आणि अनेक गरीब व ग्रामीण कुटुंबांच्या दृष्टीने पोलीस दल, सैन्य, सुरक्षा सेवा, शिक्षकी किंवा चित्रपटातील साहसदृश्ये यांकडे जाणारी ती वाट असते. तिला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या त्या निवासी दिनक्रमाचे दृश्य पाहून, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तासभर येणाऱ्या शहरी मुलाकडून तीच लवचिकता व तोच वेग मागणारे शिक्षक जगभर आढळतात, आणि तेथे मात्र नुकसान होते.

कठोरपणा म्हणजेच परंपरा, ही समजूत आणखी एका वाटेने आली. पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्याच्या शाळांत मुलांना सहा-सात वर्षांच्या वयात कराराने सोपवले जाई. गायन, अभिनय, कोलांट्या आणि रंगमंचावरील शस्त्रयुद्ध असे सारे तेथे शिकवले जाई आणि छडीचा वापर सर्रास चाले. हाँगकाँगमधील यू जिम-युएन यांच्या अशाच शाळेत जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाव हे पुढे प्रसिद्धीस आलेले अभिनेते वाढले, आणि जॅकी चॅनने तेथील मारहाणीविषयी व खडतर दिवसांविषयी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्या शाळेतून असामान्य कलावंत निघाले हे खरे, पण तेथे लहान मुलांना रंगमंचावर उभे राहून पोट भरण्यासाठी घडवले जात होते. आरोग्य, आत्मविश्वास किंवा स्वसंरक्षण यांसाठी शिकणाऱ्या मुलाला त्या मापाने मोजण्यास काहीच आधार नाही. भिंतीशी पाय दाबून जबरदस्तीने ताणणे, रडणाऱ्या मुलाला उभेच ठेवणे असले प्रकार ‘जुनी पद्धत’ म्हणून आजही अधूनमधून चालतात. ते थांबले पाहिजेत.

मुलांच्या वर्गाची खरी सुरुवात वेगळ्याच वातावरणात झाली. १९११ मध्ये चिनी राजसत्ता कोसळण्याच्या सुमारास, परकीय सत्तांपुढे देश दुबळा ठरल्याची खंत शिकलेल्या तरुणांना जाळत होती, आणि शरीर सुदृढ करणे हे राष्ट्रकार्य मानले जाऊ लागले होते. १९१० मध्ये शांघाय येथे हुओ युआनजिया या मल्लाच्या नावाभोवती जिंगवू ही संस्था उभी राहिली. हुओ त्याच वर्षी वारले, पण शांघायमधील सुशिक्षित व्यापारी तरुणांनी संस्था नेटाने चालवली. वेगवेगळ्या शैलींचे गुरू एका छपराखाली आणणे, सर्व विद्यार्थ्यांना आधी दहा समान पायाभूत रचना, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या साखळ्या, शिकवणे आणि मगच आवडीच्या शैलीकडे वळू देणे, छायाचित्रांसह पुस्तके छापणे, शाळांमध्ये शिक्षक पाठवणे आणि मुली-स्त्रियांसाठी वर्ग काढणे, हे सारे त्या काळात नवे होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी सिंगापूर आणि क्वालालंपूर येथील चिनी वस्त्यांत जिंगवूच्या शाखा निघाल्या, आणि आग्नेय आशियातील कित्येक मुलांनी युद्धकलेचे पहिले पाऊल याच पद्धतीने टाकले.

याच काळात, १९१५ मध्ये, शाळांच्या व्यायामात जुन्या युद्धकलांचा समावेश करण्याचा ठराव शिक्षणक्षेत्रातील परिषदेत होऊन शिक्षण मंत्रालयाने तो स्वीकारला, आणि मा लियांग या लष्करी अधिकाऱ्याने हालचालींचे तुकडे पाडून त्यांना आकडे व हुकूम जोडणारी एक ‘नवी’ पद्धती पाठ्यपुस्तकांतून पुढे आणली. तिच्यावर १९१८ मध्ये लू शुन या थोर लेखकाने कडक टीका केली. १९०० च्या बॉक्सर उठावातील मंत्रतंत्रांनी गोळ्या अडवण्याची भाबडी श्रद्धा नव्या वेशात शाळेत शिरत आहे, असा त्याचा रोख होता. जिंगवूचे छन थ्येशंग यांनी त्याला उत्तर देऊन, शरीराची घडण आणि अंधश्रद्धा यांची गल्लत करू नये, असे मांडले. दोघांचेही म्हणणे आजच्या शिक्षकाने जवळ ठेवावे असे आहे, कारण अदृश्य शक्तीने माणसे उडवून दाखवणारी प्रात्यक्षिके मुलांपुढे आजही होतात, आणि नेमका व्यायाम नीट समजावून शिकवणारे कष्टाळू शिक्षकही आज आहेत. १९४९ नंतरच्या राजवटीने युद्धकलेला क्रीडाप्रकाराचे रूप दिले, लांब पवित्र्यांच्या ‘छांगछुआन’ या उत्तरी शैलीच्या प्राथमिक रचना ठरवून दिल्या आणि शाळा सुटल्यावर मुलांना घडवणाऱ्या क्रीडाशाळांचे जाळे विणले. आज जगात कोठेही मुलांच्या वूशू वर्गात जे दिसते त्याचा बराचसा साचा जिंगवू, शाळा आणि या क्रीडाशाळा अशा तीन ठिकाणांहून आलेला आहे.

तेव्हा मुलांसाठी पद्धत बदलणे हा परंपरेचा भंग नाही. गेली शंभर वर्षे ती बदलतच आली आहे. जपायचे आहे ते काय, हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याचे उत्तर जवळजवळ सर्व शैलींत सारखे मिळते : पायाभूत सरावाचा क्रम. चिनी भाषेत या पायाभूत सरावाला ‘जीबनगोंग’ म्हणतात. त्यात सांधे मोकळे करणे, पाय उंच ठेवून ताणणे, सरळ पायाने कपाळाकडे लाथ नेणे, कमर वळवणे आणि पवित्रे धरणे हे येते. उत्तरी शैलींत पाच पवित्रे मूलभूत मानले जातात. ‘माबू’ म्हणजे घोड्यावर बसल्यासारखा रुंद पवित्रा, ज्यात दोन्ही पायांवर सारखा भार असतो, ‘गोंगबू’मध्ये पुढचा पाय वाकलेला आणि मागचा ताठ असतो, ‘पूबू’मध्ये एका पायावर पूर्ण बसून दुसरा जमिनीलगत लांब पसरतात, ‘शूबू’मध्ये सारा भार मागच्या पायावर घेऊन पुढच्या पायाचे फक्त टोक टेकवतात, आणि ‘श्येबू’मध्ये पायांची अढी घालून खाली बसतात. हे पाचही पवित्रे गुंफून तयार केलेली ‘वूबूछुआन’ नावाची छोटी रचना चीनमध्ये असंख्य मुलांची पहिली रचना असते. महाराष्ट्रातील जुन्या तालमीत वस्ताद नव्या पोराला डाव दाखवण्याआधी कित्येक महिने जोर-बैठका काढायला लावीत, त्यामागे जो विचार होता तोच येथेही आहे : प्रहाराची शक्ती जमिनीतून पायांत, पायांतून कमरेत आणि कमरेतून हातात येते, म्हणून ज्याचे पाय तयार नाहीत त्याची मूठ नुसती हवेत फिरते.

या पवित्र्यांत मुलांच्या बाबतीत सर्वाधिक चुका माबूमध्ये होतात. मोठ्यांच्या सरावात मांडी जमिनीशी समांतर येईपर्यंत खाली बसणे आणि तसेच काही मिनिटे थांबणे हा कसोटीचा भाग असतो, आणि तीच कसोटी सात वर्षांच्या मुलाला लावली की त्याचे गुडघे आत कलतात, टाचा उचलल्या जातात, कंबर पुढे ढकलली जाते आणि शरीर चुकीची सवय शिकते. लहान मुलाने उंच पवित्रा घ्यावा, पायांतील अंतर खांद्यांपेक्षा थोडेच जास्त असावे, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच असावेत आणि वीस-तीस सेकंदांनंतर उठून पाय झटकावेत, एवढे पुरेसे असते; खोली वर्षागणिक आपोआप वाढते. जिंगवूच्या पायाभूत रचनांपैकी ‘थानथ्वेइ’ ही या दृष्टीने मुलांसाठी विशेष गुणी ठरते. उत्तर चीनमधील ह्वेइ या मुस्लिम समाजाशी जोडली जाणारी ही रचना शाखेनुसार दहा किंवा बारा छोट्या ओळींची असते आणि प्रत्येक ओळ एकाच सरळ रेषेत डावीकडे व उजवीकडे पुन्हा पुन्हा करायची असते. त्यामुळे मुलाला एका वेळी एकच छोटी गोष्ट लक्षात ठेवावी लागते, शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या तयार होतात, आणि शिक्षकाला रांगेच्या बाजूने चालत प्रत्येक मुलाचा गुडघा व टाच पाहता येते. शंभर वर्षांपूर्वी शांघायमध्ये वर्गासाठी निवडलेल्या या रचनेइतकी वर्गाला साजेशी दुसरी रचना सापडणे कठीण आहे.

मुलाचे शरीर हे मोठ्याच्या शरीराची लहान आवृत्ती नसते, ही गोष्ट जुन्या गुरूंना अनुभवाने ठाऊक होती आणि आता वैद्यकशास्त्र तिची कारणे सांगू शकते. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे मऊ थर असतात, ज्यांतून हाडांची लांबी वाढते. किशोरवय संपत येईपर्यंत ते पूर्णपणे कठीण होत नाहीत, आणि त्यांवर वारंवार आघात किंवा अतिरिक्त भार पडला तर दुखापत होऊन वाढीवर परिणाम होऊ शकतो. झपाट्याने उंची वाढण्याच्या वर्षांत उड्या व खोल बैठका अती झाल्या की गुडघ्याखालच्या उंचवट्यापाशी वेदना सुरू होतात आणि अशा वेळी काही काळ उड्या कमी करणे किंवा थांबवणे हिताचे असते. म्हणून कठीण फरशीवर जोराने पाय आपटणे, हात कठीण करण्यासाठी वाळू किंवा खड्यांवर मारणे, डोक्याने वस्तू फोडणे यांना मुलांच्या वर्गात जागा नाही, मग ते कोणत्याही पूज्य ग्रंथात लिहिलेले असो. शाओलिन परंपरेत ‘थोंगजिगोंग’ म्हणजे बालवयातच सुरू करायचा लवचिकतेचा जो सराव आहे तो प्रेक्षकांना थक्क करतो. मात्र तो रोज, थोडा थोडा आणि बारीक देखरेखीखालीच केला जातो, आणि सुट्टीतील पंधरा दिवसांच्या शिबिरात तो साधण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे आहे. शस्त्रांच्या बाबतीत जुनी समजूत शहाणपणाची आहे : लाठीला महिना, तलवारीला वर्ष आणि भाल्याला जन्म लागतो, या अर्थाचे वचन चीनमध्ये प्रचलित आहे, आणि जमिनीपासून भुवईपर्यंत पोहोचणारी हलकी लाठी हे दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे पहिले शस्त्र म्हणून योग्य ठरते.

पवित्र्यांनंतर येते ती ‘थाओलू’, म्हणजे हालचालींची ठरलेली साखळी, जिच्यात एखाद्या शैलीचे सारे तंत्र साठवलेले असते. पुस्तके दुर्मीळ असलेल्या समाजात ही साखळी म्हणजे शरीरात लिहिलेली वही होती, आणि मुलांनाही ती पाठ करता येते. येथेच एक मोह शिक्षकाला आणि पालकाला सारखाच होतो. स्नेहसंमेलनात दाखवायला नवी रचना हवी, पदकासाठी आणखी एक हवी, असे करत करत मूल तीन वर्षांत पंधरा रचना पाठ करते आणि त्यांतील एकाही हालचालीचा अर्थ त्याला सांगता येत नाही. दोन-तीनच रचना शिकवाव्यात आणि त्यांतील प्रत्येक हालचाल समोरच्या जोडीदाराच्या हातावर करून दाखवावी, हे अधिक हिताचे. मनगट पकडले तर सुटायचे कसे, ढकलले तर पाय कोठे टाकायचे, पडताना डोके कसे वाचवायचे हे कळले की ती साखळी मुलासाठी जिवंत होते. जोडीने करायच्या पारंपरिक सरावात यासाठी उत्तम साहित्य आहे. ताइ चीतील ‘थ्वेइशौ’मध्ये दोघे हात एकमेकांना लावून समोरच्याचा तोल ओळखण्याचा सराव करतात, आणि दक्षिणी विंग चुन शैलीतही हात एकमेकांना चिकटवून ठेवण्याचा असाच सराव असतो. मुलांना हा खेळ वाटतो आणि बळ कोठे लावू नये हे त्यांना त्यातून समजते.

मोकळ्या लढतीविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. ‘सानदा’ या लढतीच्या प्रकारात ठोसे, लाथा आणि फेक असतात आणि डोक्यावरही प्रहार चालतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये युद्धकलांतील दुखापतींवर जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात मुलांनी संपर्काविना होणाऱ्या सरावापासून सुरुवात करावी, डोक्यावरील प्रहारांना उत्तेजन देऊ नये आणि शिरस्त्राणामुळे मेंदूला बसणारा हादरा टळतो असे समजू नये, हा स्पष्ट सल्ला आहे. रचनांचा सराव तुलनेने सुरक्षित असल्यामुळे चिनी परंपरा या बाबतीत मुलांसाठी आधीच अनुकूल आहे, आणि लढतीची घाई करून तो लाभ घालवण्यात अर्थ नाही.

युद्धकलेने मुलाला शिस्त लागते आणि त्याचा राग निवतो, असे प्रत्येक जाहिरातीत म्हटलेले असते. चिनी परंपरेत यासाठी ‘वूद’ ही संकल्पना आहे. तिचा अर्थ युद्धकला जाणणाऱ्याने पाळायचा सदाचार, आणि वर्गाच्या आरंभी उजव्या मुठीवर डावा उघडा तळवा टेकवून केला जाणारा नमस्कार हे तिचे दृश्य रूप आहे. पण नमस्काराने माणूस घडतो का, या प्रश्नाला संशोधनाने दिलेले उत्तर शिक्षकांनी वाचण्यासारखे आहे. मायकेल ट्रुलसन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरांचे गट करून एकाला ध्यान, आदर आणि तत्त्वविचार यांसह पारंपरिक तायक्वोंदो शिकवले गेले, तर दुसऱ्याला फक्त लढतीचे तंत्र. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटलेली आढळली आणि दुसऱ्याची वाढलेली. किम्बर्ली लेक्स आणि विल्यम होइट यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील एका शाळेत तीन महिने चाललेल्या तायक्वोंदो वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा नेहमीच्या शारीरिक शिक्षणापेक्षा या वर्गातील मुलांचा स्वतःवरील ताबा अधिक सुधारल्याचे दिसले. तायक्वोंदो कोरियाचे आहे आणि हे अभ्यास मर्यादित आहेत, त्यामुळे निष्कर्ष जपूनच चिनी कलांना लावावेत. तरी हालचाली त्याच असताना शिकवण्याच्या रीतीने परिणाम उलटा होऊ शकतो, हे त्यांतून ठळकपणे दिसते. जो शिक्षक मुलांवर ओरडतो, कच्च्या मुलाची सर्वांसमोर थट्टा करतो किंवा हात उगारतो, त्याच्या वर्गात नमस्कार कितीही वेळा झाला तरी मूल शिकते ते शिक्षकाचे वागणेच.

स्पर्धांनी या कलांना मान्यता दिली आणि त्यांचे रूपही पालटले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत वूशूचा समावेश झाला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, २००६ मध्ये क्वालालंपूरला कुमारांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि २०२० मध्ये डाकार येथील युवा ऑलिंपिकसाठी वूशूची निवड जाहीर झाली. भारतातही हा खेळ शालेय क्रीडास्पर्धांपर्यंत पोहोचला आहे, आणि मणिपूरच्या रोशिबिना देवी हिने २०१८ च्या आशियाई खेळांत सानदामध्ये कांस्य व हांगचौ येथील खेळांत रौप्य पदक मिळवल्यापासून ईशान्येच्या बाहेरही त्याकडे मुले-मुली वळत आहेत. हे स्वागतार्ह आहे. मात्र रचनांच्या स्पर्धेत हवेत दीड-दोन गिरक्या घेऊन उतरण्यासारख्या कसरतींना गुण मिळू लागल्यापासून प्रशिक्षणाचा भर पवित्र्यांवरून उड्यांवर सरकला आहे, आणि हालचालीमागचा युद्धातील हेतू मागे पडल्याची तक्रार चीनमधील जुन्या परंपरांचे गुरू सातत्याने करतात. ती तक्रार रास्त आहे. पदकासाठी घडणारी मुले थोडी असतात. उरलेल्या असंख्य मुलांचा अभ्यासक्रम त्यांच्या मापाने आखण्याचे कारण नाही. रंगीत पट्ट्यांची चढण हीदेखील जपानी ज्युदोकडून आलेली नवी गोष्ट आहे, आणि चीनने स्वतःची नऊ पायऱ्यांची श्रेणीपद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणली. मुलाला टप्पे दिसावेत म्हणून पट्टे वापरण्यास हरकत नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा-शुल्क आकारण्याचे ते साधन झाले की शिक्षण थांबते.

आपल्या मुलाला किंवा मुलीला अशा वर्गात घालू पाहणाऱ्या पालकांनी वर्षाचे शुल्क भरण्याआधी एक पूर्ण तास बाजूला बसून वर्ग पाहावा. शिक्षक मुलांमधून फिरतो की समोर उभा राहून फक्त आकडे मोजतो, गुडघा आत कललेल्या मुलाला तो थांबवून दुरुस्त करतो की नाही, थकलेल्या मुलाला बसू देतो की लाजवतो, जोडीच्या सरावात मोठे मूल लहानावर जोर करू लागले तर त्याचे लक्ष जाते की नाही, हे त्या एका तासात दिसून येते. मग त्याला एवढेच विचारावे, की पहिल्या सहा महिन्यांत आमचे मूल काय शिकेल. आणि उत्तरात पाय, तोल व पडण्याची सुरक्षित रीत यांचा उल्लेख न येता फक्त लढत, पट्टे व पदके यांचीच नावे आली, तर दुसरा वर्ग शोधावा.